हात गेला, ठसा उरला

सांगा पाहू, विश्वास कोणावर ठेवाल, माणसाच्या हातावर की त्याच्या शिक्क्यावर? आमच्या साकाता बंदरात लोक शिक्का बघतात आणि निर्धास्त होतात. मी तसाच एक लाकडी शिक्का बोलतोय, कादंबऱ्या लिहिणाऱ्या मिनासेबाईंचा.

बाईंची पहिली कादंबरी आली तेव्हा नवऱ्याने मला कोरलं. शिक्के कोरणं हाच त्याचा धंदा. पुढच्याच हिवाळ्यात तो गेला. मग बाई, ज्यांच्या बोटी परतल्या नाहीत अशा घरांच्या गोष्टी लिहीत राहिल्या. एक ओळ लिहायच्या, चार खोडायच्या. शेजारी चहा निवून जायचा. पुस्तक छापून आलं की माझी पाळी. आधी बाईंची सही, शेजारी माझा लाल ठसा, शाई पसरू नये म्हणून वर पातळ कागद.

गावातले पुस्तकवाले कुरामोची कमरेत वाकून विनवायचे, "बाई, पाचच प्रतींवर सह्या करा हो! न खपलेलं पुस्तक प्रकाशक परत घेतो, सही झालेलं घेत नाही. लग्न लागलं की मुलगी सासरचीच!"

"मग जावई चांगले शोधा," बाई हसायच्या.

शेवटची कादंबरी आली तेव्हा बाई इस्पितळात होत्या. हात लुळा पडलेला. "कुरामोचींना सह्यांचा शब्द दिलाय," एवढंच पुटपुटायच्या.

लेक कोयोमी म्हणाली, "आई, तुझी सही मला जमते. शिक्का तर खराच आहे ना?"

"शिक्का खरा, म्हणून सही खरी होते का गं?"

काही दिवसांनी बाई गेल्या. त्यांची राख घरी आली, त्या संध्याकाळी कोयोमीने मला लाल शाईवर टेकवलं. पैशासाठी नव्हे हो, आईचा शब्द खाली पडू नये म्हणून. रडत रडत नव्या कादंबरीच्या प्रतींवर आईचं नाव लिहीत गेली आणि प्रत्येक नावाशेजारी मला दाबत गेली. मला कुठे नाही म्हणता येतं?

कुरामोचींनी दुकानात पान उघडलं आणि सहीवर बोट ठेवलं.

"थंडी पडल्यापासून बाईंना चमचासुद्धा धरवत नव्हता, पोरी. भेटायला मीही येत होतो."

"मग परत पाठवा काका."

"कुठे? सही झाली ना!"

तोवर त्यांच्या बायकोने गल्ल्यावर तीन प्रती विकल्या होत्या. उरलेल्या कुरामोचींनी फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या. कोयोमीने मला आईच्या तसबिरीपुढे ठेवलंय. माझ्या खाचांतली शाई वाळली, पण तिने पुसलेली नाही.

त्या तीनपैकी एखादी प्रत तुमच्या हाती आली तर फेकू नका. फक्त हिशेब प्रामाणिकपणे मांडा. अक्षर लेकीच्या नावावर, ठसा माझ्या नावावर आणि बाईंच्या नावावर तेवढी गोष्ट.