मालकांच्या बाजूची खुर्ची

ग्रीसआबांना कामगार मंत्रालयाच्या समितीवर पाठवलं, ते त्यांच्या अकलेवर भाळून नव्हे. युनियनचा अध्यक्ष पाठ धरून अंथरुणावर पडला होता, चिटणीसाला कारखान्यातून सुट्टी मिळेना, आणि उरलेल्यांत भर दिवसा मोकळा असलेला माणूस एकच निघाला. जन्मभर यंत्रांना तेल-ग्रीस घालून निवृत्त झालेले आबा तेव्हा युनियनच्या कचेरीत पंख्याखाली डुलकी घेत होते. त्यांना उठवून नेमणूक कळवण्यात आली.

हे सगळं आबांना ठाऊक होतं. तरी घरी त्यांनी बातमी अशी सांगितली, की मंत्र्याने स्वतः हात जोडले असावेत.

"मंत्रालयाला सल्ला हवाय माझा," ते म्हणाले.

"घरात कुणी घेत नाही, तर तिकडे तरी खपू दे," बायको म्हणाली.

सूनबाई हसली, पण अर्धवटच. बैठक कशाची आहे ते तिला माहीत होतं. ती डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर कामाला होती. पायाने पेडल दाबलं की वरचा साचा धाडकन खाली यायचा आणि पत्र्यातून झाकण कापून निघायचं. पत्रा सरकवायचा मात्र हाताने, साच्याच्या आत. हाताचा आणि पायाचा मेळ एकदा चुकला की संपलं. शेजारच्या प्रेसवरच्या बाईचा मेळ चुकला होता. ती आता डाव्या हाताने जेवायला शिकत होती.

समितीपुढे नियम होता तो असा: पेडल काढून टाकायचं आणि एकमेकांपासून लांब दोन बटणं बसवायची. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय साचा हलणार नाही. म्हणजे साचा खाली येताना हात बाहेरच. नियम कित्येक बैठकांपासून लोंबकळत होता, कारण मालक मंडळी दर वेळी "अभ्यास करून सांगतो" म्हणायची आणि चहा पिऊन जायची.

"आबा, तिथे भांडू नका कुणाशी," सून म्हणाली. "फक्त एवढा नियम होईल असं बघा. रोज सकाळी हात धुताना मी बोटांकडे बघते, माहितीये का?"

आबांना हे माहीत नव्हतं. त्या रात्री त्यांनी आरशासमोर भाषण पाठ केलं. भाषणात "रक्त" हा शब्द पुष्कळ वेळा येत होता.

बैठकीच्या दिवशी जावयाचा कोट अंगात घालून आबा निघाले. कोट जावयाच्या मापाचा, म्हणजे ऐसपैस. त्यात आबा एखाद्या खाऊन-पिऊन सुखी माणसासारखे दिसत होते. आपण आज जरा भारदस्त दिसतो, एवढंच त्यांना वाटलं.

मंत्रालयाबद्दल त्यांची कल्पना साधी होती. मधोमध मंत्री बसलेला असेल, कारखान्यातल्या मुकादमासारखा ओरडत असेल, आणि मालक लोक रांगेत उभे राहून ऐकत असतील. आत बघतात तर नुसते दरवाजे. वेतन विभाग, तंटे विभाग, रोजगार विभाग, प्रशिक्षण विभाग. प्रत्येक दारामागे कुणीतरी खाली मान घालून लिहितंय. ओरडण्याचा आवाज कुठेच नाही. चुकून ते तंट्यांच्या विभागात शिरले, तर तिथे एक बसमालक आणि एक ड्रायव्हर एकाच बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसले होते आणि अधिकारी दोघांच्या पाठींशी आळीपाळीने बोलत होता.

"इथे हुकूम कोण सोडतं?" आबांनी बाहेरच्या शिपायाला विचारलं.

"हुकूम नाही सोडत कुणी. इथे बसवतात. तंटा असला तर दोघांना, नियम करायचा असला तर तिघांना."

"आणि बसून काय होतं?"

"बहुतेकदा चहा होतो," शिपाई म्हणाला आणि त्याने सुरक्षा विभागाची खोली दाखवली.

लांबलचक टेबल होतं. टोकाला मंत्रालयाच्या माणसांची जागा, खिडकीकडे कामगारांची, भिंतीकडे मालकांची. हे सगळ्यांना वर्षानुवर्षं माहीत, म्हणून नावाच्या पाट्या कुणी लावत नसत. दुसरी रीत अशी, की ज्याच्या-त्याच्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवरचा माणूस आपल्या बाजूच्या वतीने बोलणार. आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना माहीत होता तो आपला गुडघा. खिडकीकडच्या खुर्च्यांना हात नव्हते. भिंतीकडच्यांना होते, आणि हाताला धरल्याशिवाय आबांना उठता येत नसे. ते सरळ भिंतीकडच्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसले.

शेजारी दोन तरुण बसले होते. कोट बघून दोघे अदबीने अर्धवट उठले. एकाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

युनियनमध्ये नवी पिढी काय वळणाची तयार झालीय, आबांना वाटलं. "काम कसं चाललंय पोरांनो?" त्यांनी मोठेपणाने विचारलं.

"मंदी आहे, सर," एक म्हणाला.

समोर ट्रक कामगारांची पुढारीण बसली होती. आबांची जुनी ओळख. ती भुवया उडवून, डोळे फिरवून काहीतरी सांगू बघत होती. आबांनी गंभीरपणे मान झुकवून तिचा नमस्कार स्वीकारला.

मग उपसचिव बाई आल्या. मत्स्य विभागातून बदली होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, चेहरे ओळखीचे नव्हते. त्यांनी नियमाचा मसुदा वाचला आणि चष्म्यावरून भिंतीकडे पाहिलं. "या बाजूचं काय म्हणणं?"

आबा उठायला गेले. गुडघ्यातून कळ निघाली, ते परत खुर्चीत आदळले, आणि त्या धक्क्यात पाठ केलेलं सगळं भाषण रक्तासकट विसरले.

"मान्य आहे," ते म्हणाले. "एकदम मान्य. हे आधीच व्हायला हवं होतं. हात म्हणजे काय सुटे भाग आहेत काय, बाजारातून आणून बसवायला?"

शेजारच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढा वजनदार माणूस म्हणतोय म्हणजे संघटनेत ठरलं असणार. दोघांनी माना डोलावल्या. कारकुनाने लिहून घेतलं.

"उत्तम," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. "आता कामगारांची बाजू."

समोर पुढारीण तोंडाला पदर लावून खाली बघत होती, तिचे खांदे हलत होते. आपण कुठे बसलोय ते आबांना त्या क्षणी कळलं, आणि त्याच वेळी हेही कळलं, की आपण आत्ता गप्प राहिलो तर नियम होतो. आयुष्यभर बायकोने गप्प राहायला सांगितलं ते जमलं नाही. आज जमवावं असं त्यांनी ठरवलं. पुढारीण कशीबशी "मान्य" म्हणाली.

तेवढ्यात दार उघडून एक गृहस्थ घाम पुसत आत आले. खरे कारखानदार. लिफ्ट बंद होती. ते आबांच्या मागे येऊन उभे राहिले.

"माफ करा, ही माझी खुर्ची."

आबांना वाटलं, टेबलाखाली जावं. पण त्यालाही गुडघा लागतो. "साहेब, मी कामगारांकडून आलोय," ते म्हणाले. "या खुर्चीला हात आहेत म्हणून इथे बसलो."

खोलीभर हशा झाला. कारखानदारही हसले, पण कारकुनाने लिहिलेलं वाचल्यावर थांबले. "हे खोडून टाका. आमची संमती नाहीये. आम्ही अभ्यास करून सांगू."

उपसचिव बाई हसल्या नव्हत्या. "यांचं म्हणणं मी आमच्या कागदावरून काढते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या या दोन सभासदांनी मान हलवून संमती दिलीय, मी पाहिलंय. दिलेली संमती मागे घेता येते. फक्त कारण सांगावं लागतं, आणि ते तुमच्या नावाने इतिवृत्तात जातं. सांगा, लिहून घेतील."

कारखानदारांनी घसा साफ केला. "कारण असं की, दोन बटणांनी कामाचा वेग कमी होतो."

कारकून लिहू लागला आणि मोठ्याने म्हणत गेला: "वेग कमी होतो, म्हणून कामगारांचे हात साच्यात…"

"थांबा, असं नाही लिहायचं."

"मग कसं लिहू?"

कारखानदारांनी आणखी दोन प्रकारे सांगून पाहिलं. कसंही लिहिलं तरी शेवटी हात आतच राहत होते. शेजारचे दोघे तरुण छताकडे बघत होते. अखेर कारखानदारांनी रुमाल खिशात घातला. "बरं, राहू द्या संमती. पण यंत्रं बदलायला मुदत द्या."

मुदत मिळाली. मग चहा झाला. आबांनी तो खिडकीकडे, हात नसलेल्या खुर्चीवर बसून घेतला, आणि उठताना त्यांना कारखानदारांनीच आधार दिला.

घरी आबांनी सगळं खरं सांगितलं, कारण पुढारीण आधीच येऊन सांगून गेली होती. बायको आठवडाभर शेजारणींना बोलावून आबांकडून तीच हकीकत पुन्हा पुन्हा वदवून घेत राहिली.

मुदत संपत आली तसं सूनबाईच्या प्रेसचं पेडल निघालं. त्या दिवशी ती घरी आली ती फणफणत.

"काय बटणं बसवलीयत! कुणा उंटाच्या मापाने बसवली कोण जाणे. दिवसभर हात वर करून खांदे भरून आलेत. आबा, समितीत होतात ना तुम्ही? बटणं किती उंचीवर, हे विचारलं नाहीत?"

"नाही सुचलं," आबा म्हणाले. "मी जरा गडबडीत होतो."

"आता परत जा आणि सांगा."

"आधी दाखव तरी. किती उंच?"

सूनबाई भिंतीपाशी गेली आणि दोन्ही तळवे लांब-लांब ठेवून तिने भिंतीवर दाबून धरले, खांद्यांच्याही वर. आबा उठून जवळ गेले. खांद्यापासून वर तळव्यापर्यंत त्यांनी वितीने माप घेतलं. मग ते तिच्या दहाही बोटांकडे बघत तसेच उभे राहिले.

"झालं का माप?" ती म्हणाली. "हात दुखतायत."

"थांब जरा," आबा म्हणाले. "पुन्हा एकदा घेतो."