सुकलूच्या नावाचा हात

"तोंड नका पाहू, बाई. हातच पाहा," हवालदार राजदीप म्हणाला आणि त्यानं चादरीचं टोक एका बाजूनं, बेतानं, कोपरापर्यंतच उचललं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यामागची ती पत्र्याची खोली. गोकुळा नाकाला पदर लावून दाराशीच उभी होती. तिथून दोन पावलं पुढं आली. हात भिजत घातलेल्या तांदळासारखा पांढरा पडून फुगला होता. मनगटाच्या वरची हिरवी अक्षरं मात्र जशीच्या तशी होती. नदीनं बाकी सगळं खाल्लं, नाव तेवढं टाकून दिलं.

"सुकलू," राजदीपनं वाचून दाखवलं. "साफ दिसते. तुमच्या गावचा, बायनाबाईचा पोरगा. डोंग्यात दोघं होते न? त्यातला हा एक गवसला. तुमच्या मानसाचा शोध चालू हाये, बाई. हिंमत ठेवा."

गोकुळाला वाचता येत नव्हतं. पण वाचता येत नसलं तरी भांडता येतं, आणि ज्या अक्षरांशी बाईनं वर्षानुवर्षं भांडण केलं ती अक्षरं ती कुठंही ओळखते.

"हे सुकलू नोहे जी," ती म्हणाली. "हे आमचे हायेत. सोनूचे बाबू."

"नाव तर सुकलूचं हाये."

"नाव सुकलूचं. हात त्यायचा."

राजदीपनं चादर खाली सोडली. पूर ओसरल्यापासून त्याला धड झोप नव्हती. तो कंटाळून काही बोलणार, तेवढ्यात गोकुळानंच सांगायला सुरुवात केली.

गोकुळाचा नवरा वारलू आणि सुकलू. दोघांचा मासे धरायचा डोंगा एक, जाळं एक, विडीचा कट्टा एक. गोकुळाचं लग्न झालं त्याच्या पुढच्या साली दोघं मार्कंड्याच्या जत्रेत महापरसाद झाले. म्हणजे देवासमोर एकमेकांना नारळ दिला, एकमेकांच्या तोंडात प्रसादाचा घास घातला, आणि तेव्हापासून एकमेकांचं नाव तोंडानं घ्यायचं बंद. हाक मारायची ती 'परसाद' अशी. सख्ख्या भावापेक्षा हे नातं जवळचं. यात नवल काही नाही, त्या भागात गावोगाव असे परसाद असतात. पण या दोघांना तेवढ्यानं भागेना. जत्रेत गोंदणाची मशीन घेऊन एक जण बसला होता. जे नाव तोंडानं घ्यायचं नाही ते हातावर असू दे, म्हणून वारलूनं आपल्या हातावर सुकलूचं नाव काढलं आणि सुकलूनं आपल्या हातावर वारलूचं. घरी येऊन असे मिरवले, जसे बैल जिंकून आणले.

गोकुळा तेव्हा पेटली होती. "मी बी तर तुमचं नाव घेत नाई. मंग माह्या वाटचं गोंदण कुठी हाये?"

वारलू हसला. "अवो, तुह्याशी लगन घरच्यायनं लावलं. परसाद म्या निवडला."

गमतीनंच म्हणाला असेल. पण गमतीची गोष्ट खोल रुतते, काढता येत नाही. त्यानंतर त्यानं भाकरीला हात पुढं केला की आधी ते नाव पुढं यायचं, आणि गोकुळाची भाकर जरा जोरानंच ताटात पडायची.

"मंग याचं नाव कुठी हाये?" राजदीपनं विचारलं.

"सुकलूच्या हातावर."

"अन् सुकलू?"

"नदीत."

राजदीप स्टुलावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "माह्या आजीच्या हातावर तुळस होती. दीक्षा घेतल्यावर तिनं बिब्ब्याचं तेल लावून ती जाळून पाह्यली. हात पिकला, महिनाभर निजली, तुळस होती तिथीच. मंग पुरं आयुष्य लांब बाहीचं पोलकं घातलं बुढीनं. म्हणे, म्या देव सोडले, देवानं काई माहा हात सोडला नाई." तो उठला. "दुसरी काई खूण सांगता येईन?"

"पाय दाखवा जी. उजवा."

करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. लहानपणापासूनचीच. लग्नात पायावर पाणी घालताना गोकुळानं नवऱ्याचं पहिल्यांदा काही पाहिलं असेल तर ते बोट. ती भिंतीला धरून खाली बसली. राजदीप समजला.

"ठीक हाये," तो म्हणाला. "तुमच्या सासऱ्यायले बोलावतो. अन् त्या मायबाईले... तिले सांगा लागन."

सांगायची वेळच आली नाही. बाहेर निंबाखाली बसलेली बायनाबाई पोलिसाची हाक ऐकून स्वतःच आत आली, काठी टेकत. तिच्या मागं गोकुळाचा सासरा उमाजी. तो उंबऱ्याशीच थांबला, तोंड बाहेर करून. बायनाबाईनं चादरीखालून तो हात ओढून घेतला, छातीशी धरला आणि राजदीपपुढं केला.

"वाच बापा, काय लिवलं हाये?"

"सुकलू."

"मंग झालं तर. माहा पोरगा हाये."

गोकुळाला आधी वाटलं, म्हातारी भ्रमली. "मावशी," ती म्हणाली, "तुमाले ठाऊक हाये न वो. तुमच्याच अंगणात दोघं हात दाखवत बसले होते. तुमीच तर त्यायले हळद लावली."

बायनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. भ्रमलेलं माणूस असं पाहत नाही.

"मामाजी, तुमी सांगा," गोकुळा सासऱ्याकडं वळली. "पायाचं बोट पाहा एकदा."

"मी नाई पायत." उमाजी बाहेरच बघत होता. "सुकलूच हाये तो. पाण्यानं कोनाची बी बोटं वाकडी होतेत. माहा वारलू पोयणारा हाये, तो कसा मरन? लागला असन कुठी सिरोंच्याकडं. तिकडं तेलंग्याची बोली, त्याले बोलता येत नसन, म्हणून उशीर होऊन राह्यला."

आता बघा. एका म्हातारीला तो हात आपल्या पोराचा हवा होता, आणि एका म्हाताऱ्याला तो आपल्या पोराचा नको होता. दोघांचं एकमत झालं. खरं काय ते एकट्या गोकुळाकडं राहिलं.

बायनाबाईनं तिला हातपंपाशी नेलं.

"तुह्याजवळ सोनू हाये," ती हळू आवाजात म्हणाली. "माह्या पोराचं लगन बी नाई झालं. बिनलग्नाचा, पाण्यात मेलेला, त्यात माती नाई भेटली, तर काय होते तुले मालूम हाये. घाटावर हाका मारत फिरन तो. पोरं भेतीन त्याले. गोटे मारतीन."

"पण हा तो नोहे न, मावशी."

"देवाच्या दारात तोंड नाई पाहत वो. हात पायतेत. सोनं-नाणं इथीच राह्यते, गोंदण तेवढं सोबत जाते. तिथी वाचतीन 'सुकलू', अन् सुकलूले आत घेतीन." तिनं गोकुळाचा दंड घट्ट धरला. "एवढं दे मले."

"अन् आमचे? त्यायले कोन घेईन आत? त्यायचं नाव तर नदीत गेलं."

बायनाबाई काठी बाजूला ठेवून पंपाचा दांडा मारायला लागली. पाणी आलं तशी म्हणाली, "पाणी पी. सकाळपासून उपाशी हायेस."

गोकुळानं ओंजळ धरली. पलीकडं चहाच्या टपरीवर उमाजी उभा होता. पोरगा पुरात गेल्यापासून त्यानं तोंडात काही घातलं नव्हतं. आता बशीत चहा ओतून फुंकत होता आणि टपरीवाल्याला विचारत होता, "भाऊ, सिरोंच्याची गाडी कितीले सुटते गा?" पाठ ताठ झाली होती त्याची.

राजदीप तिच्याजवळ आला. "बाई, मले तुमचं पटलं हाये," तो म्हणाला. "तुमी म्हणान तर तसंच लिहितो, मंग बुढा-बुढी काई बी म्हणोत. पण एका मानसाले मले एकच नाव लिहिता येते. बोला."

गोकुळाच्या हातातलं पाणी गळून गेलं होतं. तिनं ओले हात लुगड्याला पुसले.

"तुमी वाचलं न जी," ती म्हणाली. "तेच लिहा."

माती तिथंच नदीकाठी झाली. बायका बायनाबाईला धरून बसल्या होत्या. गोकुळाच्या घशातून पहिला हुंदका निघाला तशी एकीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "तू काऊन रडतेस वो? अवलक्षण होते. तुहा मानूस वाटेत असन." दुसरीनं तिचं घामानं पसरलेलं कुंकू बोटानं गोल करून दिलं. गोकुळा शेजारणीनं बसावं तशी बसली, आणि खड्ड्यात माती पडत गेली.

उमाजी सिरोंच्याला जाऊन आला. तिथं कुणी पाहिलं नव्हतं, पण एका ढाब्यावर कुणी म्हणालं होतं की असा एक माणूस दिसला होता. तेवढं त्याला दिवाळीपर्यंत पुरलं. गावात लग्नं लागली तशी गोकुळाला हळदीला बोलावणं आलं, पाच सवाशिणींत. जाऊ नये तर म्हाताऱ्याचा जीव जाईल, जावं तर... ती गेली. मुसळाला हात लावला, दुसऱ्याच्या लेकीची हळद कांडली, ओटीत तांदूळ घेऊन घरी आली. वाटेत घाट लागतो. तिथं बायनाबाई पळसाच्या पानावर भात ठेवून बसलेली दिसली, पाण्याकडं तोंड करून. पोराला माती दिलेली बाई नदीला भात कशाला वाढेल? गोकुळा तिच्या मागून निघून गेली. आपण दिलं ते हिच्या कामी आलं नाही, एवढं तिला कळलं. परत मागून घ्यायची ती वस्तूही नव्हती.

शिवरात्रीला ती बायकांबरोबर मार्कंड्याला गेली. देवाचं दर्शन झालं, बायका बांगड्यांच्या दुकानाकडं वळल्या, आणि गोकुळा मशीनवाल्यासमोर जाऊन उकिडवी बसली. नागपूरकडचा पोरसवदा माणूस होता, गळ्यात रुमाल, दोन्ही दंडांवर वाघ.

"काय काढू, मावशी? फूल, विंचू, ओम?"

"नाव."

"कोणाचं?"

गोकुळानं नुसता हात पुढं केला. तिच्यामागं कपाळावर चांदणी काढायला आलेल्या पोरी खिदळल्या.

"नवऱ्याचं न? पाहा बरं, मंग मशीन माघारी जात नाई," तो सुई बदलत म्हणाला. "लगनाआधी हासत येतेत, अन् दोन सालानं रडत येतेत, भाऊ पुसून दे म्हणून. पुसाची मशीन आपल्या देशात नाई निघाली अजून. बोला, काय नाव?"

तिनं मनाशी ठरवलं होतं ते एवढंच, की आपण जाऊ तेव्हा दारातल्याला हात दाखवू. म्हणू, हा माणूस दुसऱ्याच्या नावानं आत आला आहे, किंवा बाहेरच बसला असेल. त्याचं नाव मी आणलं आहे. असं काही खरंच असतं की नाही, याचा तिला अर्धाच भरवसा होता. पण अर्ध्या भरवशावरच तर माणूस पाण्यात डोंगा घालतो.

"वारलू," ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही न घेतलेलं नाव. तोंडातून निघालं तर परक्याचं वाटलं.

"जोरानं बोला, मशीनचा आवाज होते."

"वारलू!" ती ओरडली. पोरी हसायच्या थांबल्या.

सुई लागली तेव्हा तिला रडू आलं. दुखल्यावर रडायला कुणाची मनाई नव्हती. तिनं पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी पोचली तेव्हा उमाजी ओसरीवर बसला होता. तिचा सुजलेला, लाल झालेला हात त्याला लांबूनच दिसला.

"काय लिवलं वो त्याच्यावर?"

"त्यायचं नाव, मामाजी."

म्हातारा उभा राहिला. अक्षरओळख त्याला तरी कुठं होती. पण तो त्या हाताकडं बघतच राहिला. मग त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"पटलं तुले!" तो म्हणाला. "पटलं न शेवटी! कोनी विधवा बाई नवऱ्याचं नाव गोंदते काय? आं? जित्या मानसाचंच गोंदतेत." तो अंगणात गेला, शेजारच्या डोमाला हाक मारली. "डोमा! अरे ये इकडं! सून मार्कंड्याहून वारलूचं नाव घेऊन आली पाय!"

गोकुळा ओसरीच्या कडेला टेकली.

उमाजी आत गेला, तेलात हळद कालवून वाटी तिच्यापुढं ठेवली. "लाव. ताजं गोंदण पिकते नाईतर." मग फळीवर चढून वारलूचं दुसरं, मोठं जाळं त्यानं खाली काढलं. पूर आल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता. उंदरांनी जागोजागी कुरतडलं होतं. धूळ झटकता झटकता तो बोलत होता. "आल्याबरोबर म्हणन, बाबू, जाळं सडवलं तुमी. त्याची जीभ मालूम हाये मले. धर वो, एक टोक धर. ताणून धर, भोक कुठी-कुठी हायेत ते पाहू दे."

तो खाली बसला, सुतळीचा दोरा दातानं तोडला.

गोकुळानं पदर खोचला. हात ठणकत होता. तिनं जाळ्याचं दुसरं टोक उचललं, मागं सरकत अंगणाच्या कुडापर्यंत गेली, आणि त्याला पाहिजे तेवढं ताणून धरलं.