रोजची पहिली वेचणी

यंदा बोंडअळीनं अख्ख्या गावाच्या कपाशीचा फडशा पाडला, आणि सत्यभामाबाईंचं वावर मात्र फुटून पांढरंशुभ्र झालं. नशीब म्हणा, नाहीतर चारचौघांच्या डोळ्यांवर येणारं सुख. वेचणीआधी त्यांनी रिवाजाप्रमाणे सीतादही केलं. पाच दगड मांडून हळदकुंकू वाहिलं, वावरात दहीभात शिंपडला आणि पहिलं बोंड वेचलं. देवीच्या यात्रेला मेहकरहून आलेल्या कुण्या पोरीनं त्याचा व्हिडिओ काढला. तिथंच माशी शिंकली.

व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला म्हणे. पुण्या-नागपूरच्या गाड्या वावराच्या बांधाला, धुऱ्याला येऊन लागल्या. यात्रा कमिटीचा अध्यक्ष जीवन, नात्यानं पुतण्या, हात जोडून दारात उभा राहिला.

"काकू, यात्रा आहे तोवर रोज सीतादही करा. अन् कापूस वेचू नका. लोक पांढरं वावर पाह्यलेच येऊन राह्यले."

"अरे, सीतादही सालातून एकदाच असते. अन् फुटलेला कापूस काऊन ठेवू झाडावर?"

"गाव जगून राह्यलं वो तुमच्या वावरावर."

खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. शेजारच्या तानाबाईचा सगळा कापूस अळीनं खाल्ला होता. महिन्याखाली ती सत्यभामाबाईंच्या गळ्यात पडून रडली होती. आता धुऱ्यावर भज्यांची कढई मांडून ती हसत गिऱ्हाइकं बोलवत होती. त्या हसण्यावर पाणी कोणत्या तोंडानं ओतायचं? भीड भिकेची बहीण, हे सत्यभामाबाईंना कळत नव्हतं थोडंच. तरी त्यांनी मान डोलावली.

मग रोज दगड, रोज दहीभात, रोज 'पहिलं' बोंड. देवाची थट्टा चाललीय असं वाटून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. पाहुणे ओळींत शिरून फांद्या वाकवत, फोटो काढत. कापूस लोंबून मातीला लागला. एकीनं तर सांगितलं, "आजी, मघाचं बोंड परत लावा ना, नीट आलं नाही." त्यांनी लावलंही.

एकदा मात्र डोकं फिरलं. "निघा माह्या वावरातून! लेकरावानी वाढवलं, अन् तुम्ही तुडवून राह्यले!" लोक दचकले, मग हसले. तो व्हिडिओ पहिल्याहून जोरात चालला. जीवन धावतच आला. "काकू, उद्याही अशाच चिडजा!"

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली, आणि दुपारी अवकाळी आभाळ भरून आलं. पहिला थेंब सत्यभामाबाईंच्या हातावर पडला. भिजून काळवंडलेल्या कापसाला कोण विचारतो? वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत मातीत चालली होती. पदराची झोळी बांधून त्या दोन्ही हातांनी वेचू लागल्या आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "धावा वो! कापूस भिजून राह्यला! वेचू लागा कोणीतरी!"

टाळ्या पडल्या. छत्र्यांखालून मोबाईल वर झाले. "काय भारी करतात आजी!" कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

"ताने, तू तरी ये व!"

तानाबाईनं कढईवर ताडपत्री ओढली. घटकाभर तिनं भिजत्या कापसाकडे पाहिलं. मग पांगू लागलेल्या गिऱ्हाइकांकडे वळून ती म्हणाली, "थांबा, जाऊ नका, भजे गरम हायेत. बाई आणखी ओरडन."