पालथा चमचा

भोपळ्याची साल दगडासारखी झाली होती. ठमीची सुरी दोनदा निसटली. आईने लावलेल्या वेलावरचा हा शेवटचा भोपळा. बाहेर झाडांची पानगळ सुरू झाली होती आणि वेल वाळून सुतळी झाला होता. "हा एवढा संपवू, मग बघू," असं म्हणत बाबा दिवस ढकलत होते. ठमी त्यांना आपल्या घरी न्यायला आली होती. आई गेल्यापासून ते चहा-बिस्किटांवर जगत होते, सैल झालेली विजार कमरेला दोरीने बांधत होते. उद्या निघायचं, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. बाबांनी होकार दिला नव्हता.

तिने कांदा परतला, लसूण टाकला, भोपळ्याच्या फोडी आणि भरडलेली मिरी घातली, पाणी ओतून झाकण ठेवलं. मग हात मिठाच्या बरणीकडे गेला आणि हवेतच थांबला.

बरणीच्या झाकणावर चमचा पालथा होता.

एका तापात आईची चव आणि वास दोन्ही गेले होते. "मला सगळं कळतं," असं ती ठणकावून सांगायची आणि अळणी रांधायची. तिचं मन मोडायला नको म्हणून बाबा आणि तेव्हा घरीच असलेली ठमी गुपचूप मीठ टाकत. सुरुवातीला एकदा दोघांनीही टाकलं, तर घास तोंडात धरवेना. तेव्हा खूण ठरली: मीठ टाकलं की चमचा पालथा, नाही तर उताणा. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"बाबा, मीठ टाकलंत?"

"मी कशाला टाकू? पाव कापतोय. जागचा हललो तरी का?"

हलले नव्हते, ते तिच्या डोळ्यांसमोरच बसले होते. वाऱ्याने म्हणावं तर खिडकी बंद. सवयीने आपल्याच हातून झालं असेल. ठमी प्रयोगशाळेत काम करायची. तर्क लढवण्यापेक्षा चाखून बघणं बरं. तिने थेंबभर रस जिभेवर घेतला.

"साफ अळणी आहे," ती म्हणाली. "आणि चमचा पालथा."

बाबांची सुरी थांबली. "म्हणजे रुसली."

"कोण?"

"तुझी आई. तिला सगळं ठाऊक होतं गं. माझा राग आला की स्वतःच चमचा पालथा घालायची. मला वाटायचं तू टाकलंस, तुला वाटायचं मी. मग बसा अळणी गिळत. आणि ही समोर बसून गालात हसणार."

ठमी त्यांच्याकडे वळली. "मला कधी बोलला नाहीत."

"शेवटी शेवटी सांगितलं तिने. ठमीला सांगू नका म्हणाली, गंमत जाईल."

"मग आता कसला राग?"

बाबा पावाचा चुरा बोटाने गोळा करत राहिले. "जातोय म्हणून तिला सांगितलंच नाही अजून."

बाबा, घरात आपण दोघंच आहोत, असं ठमीच्या ओठांवर आलं होतं. भांड्यावरचं झाकण थडथडत होतं.

"मग सांगा," ती म्हणाली.

शेगडीसमोरच्या रिकाम्या जागेकडे बघत बाबांनी घसा खाकरला. "ऐकलंस का. पोरीकडे राहायला जातोय. इथे एकट्याला घास उतरत नाही. राग धरू नकोस."

झाकणाची थडथड थांबली. ठमीने वाकून पाहिलं. ज्योत होती तेवढीच होती.

ती बरणीकडे वळली. चमचा उताणा होता.

बाबा खुर्चीतच होते, हातात सुरी. ठमीने चमचा उचलला. झाकण काढून मीठ घातलं, ढवळलं, आणि चमचा पालथा ठेवला.

जेवताना बाबा दुसऱ्यांदा वाढून घ्यायला स्वतः उठले. "आता बरोबर झालंय," ते म्हणाले. "उद्या किती वाजता निघायचं?"

"उजाडल्यावर. बरणी घेऊ का बरोबर?"

"नको, असू दे इथेच. तिला लागेल."