दरडोई

मृणालीने बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं. बाळंतपणानंतर त्यातलं एकच वाक्य तिच्या डोक्यात उरलं : देशाचं उत्पन्न वाढतं तशी तान्ही बाळं कमी दगावतात. तेव्हापासून सहा महिन्यांच्या सानवीला मांडीवर घेऊन, हातात थर्मामीटर धरून ती उत्पन्नाच्या बातम्या बघे. आकडा चढला की दुपटं सैल करी, उतरला की कानटोपी घाली.

त्या दिवशी सानवीला सकाळपासून पातळ होत होतं. "दातांचे जुलाब ते," असा सासूने, सगुणाबाईंनी निकाल दिला. मृणालीनेही तो मानला होता. पण दुपारी टीव्हीवरचा निवेदक म्हणाला, दरडोई उत्पन्न घटण्याची चिन्हं आहेत.

तिने मिरकरवाडा बंदरावर नवऱ्याला फोन लावला. सर्वेश लिलावात मासळी घेऊन हॉटेलांना पुरवी.

"अहो, आज चार पाट्या बांगडे जास्त विका."

"कोण गिऱ्हाईक आलंय?"

"सानवीसाठी. देशाचं दरडोई उत्पन्न घटतंय."

"अगो, माझ्या बांगड्यांनी देश वर यायचा?"

"सगळ्यांनी असंच म्हटलं तर?"

"विकतो," सर्वेश म्हणाला.

हे ऐकून सगुणाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय घटला म्हणालीस? डोई?"

"दरडोई हो, आई!"

"म्हणजे डोईच की!" त्यांनी सानवीचं टोपडं काढलं, टाळूवर बोटं फिरवली आणि किंचाळल्या, "खरंच गो! खड्डा पडलाय! टीव्हीवाल्याला कसा कळला?"

मृणालीने हात लावला. टाळू खरोखरच खोल गेली होती. तोवर सगुणाबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. "टाळू भरते. येईल वर."

"तेल नको, आई! अंगातलं पाणी गेलंय तिच्या. सकाळपासून एक तरी लंगोट ओला झालाय?"

एकही झाला नव्हता. सानवीला घेऊन दोघी पायात चपला न घालताच रिक्षात बसल्या.

"वेळेत आणलंत," इस्पितळात डॉक्टर म्हणाले. "लक्षात कुणाच्या आलं?"

"बातम्यांत सांगितला," सगुणाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मृणालीकडे पाहिलं. "दरडोई म्हणजे सरासरी असते हो, डॉक्टर," ती घाईघाईने म्हणाली, "पण अशी सबंध देशाची घसरण असेल, तर एकट्या हिला..."

"देशाचं मी बघतो. तुम्ही चमचा धरा."

तिने चमचा धरला. क्षारपाणी, मग अंगावरचं दूध, परत क्षारपाणी. सानवी आधी मलूल पडून होती, मग चमचा चोखू लागली. पण दुपटं काही ओलं होईना, आणि डॉक्टर येता-जाता "शू झाली का?" एवढंच विचारत होते.

संध्याकाळी सर्वेश आला, तो मासळीच्या वासासकट. त्याने लेकीला उचलून खांद्याशी धरलं आणि एकदम ताठ झाला. शर्टावरून गरम धार खाली उतरत होती.

"अगो, घे हिला, घे!"

"हलू नका!" मृणाली ओरडली. सगळा वॉर्ड वळून बघू लागला. "आहे तसे उभे राहा. होऊ दे तिचं पुरतं."