अडीचशेच्या रेघेपर्यंतचं व्हिनेगर

मित्रांनो, माझ्या अंगावर दहा लाल रेघा आहेत आणि त्या रेघांपलीकडे मी आजवर एक शब्द बोललेलो नाही. मी अर्ध्या लिटरचा, काचेचा, मापाचा एक जुना जग आहे. आज मात्र थोडं जास्त बोलणार आहे.

माझा जन्म भट्टीतला. साच्यातून बाहेर काढल्यावर कारागिरांनी मला सावकाश, तासन्‌तास थंड होऊ दिलं. घाईने थंड झालेली काच वरून ठणठणीत दिसते, पण आतून दुखावलेली असते आणि पुढे कधीतरी विनाकारण तडकते.

मी ज्या घरात आलो, तिथे मापाचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. घरातल्या सासऱ्यांनी माझ्यात दाढीचा ब्रश ठेवला. सहा वर्षं मी साबणाच्या वासात काढली. मग थोरली सून घरात आली. तिने मला पाहिलं आणि विचारलं, "बाबा, मापाचा जग मोरीत कसा?"

"मग काय देवासारखा पुजायचा? आमच्या घरात हाताला अंदाज आहे, सूनबाई!"

थोरलीने मला मोरीतून उचललं. तिने मला घासलं, उकळलं आणि वजनकाट्यावर ठेवून माझ्यात बरोबर वरच्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. अर्धा लिटर पाणी, अर्धा किलो वजन. माझी रेघ खरी निघाली. त्या दिवशी मला नोकरी लागली.

थोरली धुराचं लोणचं करायची. काकड्या आणि गाजरं धुऊन, पुसून, चिरून जाळीवर मांडायची. मागच्या अंगणात झाकणाचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात सुकं, रंग न लावलेलं लाकूड धुमसत ठेवून वर ती जाळी अडकवायची. तासाभराने भाज्यांना सोनेरी झाक यायची. मग माझी पाळी. एक जग पाणी, तेवढंच व्हिनेगर, मोजून मीठ. ते उकळून उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरण्यांमध्ये भाज्यांवर ओतायचं, निवलं की बरणी फ्रिजमध्ये आणि झाकणावर तारीख. महिन्याच्या आत संपवायचं. बरणीत उष्टा चमचा गेला, तर ती नवऱ्यालाही सोडत नसे.

लोणचं खाऊन लोक बोटं चाटायचे आणि धुराला शाबासकी द्यायचे. मला कोण विचारतो? पण खरं राखणदारीचं काम आंबट पाण्याचं होतं. धूर हा नुसता पाहुणा. वास मागे ठेवून जातो, घर सांभाळत नाही.

एकदा थोरली आजारी बहिणीकडे चार दिवस गेली. धाकटी जाऊ शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. "तुला शिलाईशिवाय येतं काय?" असं तिथल्या बायका तिला चिडवत. त्यांना गप्प करायला तिने सहा बरण्या करायला घेतल्या. सासरे खुर्ची ओढून शेजारी बसले.

"फार आंबट करू नकोस गं. तोंड वाकडं होतं माझं. धूर दुप्पट दे. धुराने वस्तू टिकते, आमची आई सांगायची."

धाकटीला पटलं. धूर दोन तास दिला. व्हिनेगर माझ्या अडीचशेच्या रेघेवर थांबलं, आणि जेवढं कमी पडलं तेवढं तिने पाण्याने भरलं. धुराचं म्हणजे बाहेर टिकणारच, असं म्हणून तिने घट्ट झाकणं लावली आणि बरण्या कपाटात ठेवल्या. मी ओरडू शकलो असतो, तर त्या दिवशी गळा काढून ओरडलो असतो.

चौथ्या दिवशी थोरली परत आली. कपाट उघडून म्हणाली, "या बाहेर का? आणि व्हिनेगरच्या बाटल्या एवढ्या भरलेल्या कशा?"

धाकटीने सगळं सांगितलं. सासरे उठले. "एवढं काय त्यात? ना बुरशी, ना फेस. आण, मी चाखून दाखवतो."

"बाबा, हात काढा." थोरलीने झाकणावर तळवा दाबून धरला. "आंबटपणा कमी आणि हवा बंद. अशात विष तयार होतं, त्याला ना वास ना रंग. चाखून कळलं असतं, तर मी मापत कशाला बसले असते?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, बरण्या पाच आहेत. सहावी मी सकाळी कारखान्यात मशीनवाल्या काकांना दिली. जेवणाची सुट्टी एक वाजता."

घड्याळात पाऊण वाजला होता.

"मी जाऊ?" थोरलीने विचारलं.

"नको. दिली मी, आणणार मी." तिने मला पिशवीत टाकलं आणि ती धावत सुटली.

कारखान्यात मशिनी थांबल्या होत्या, डबे उघडले होते. काकांनी पाव चिरला होता आणि बरणीचं झाकण अर्धं फिरवलं होतं. धाकटीने बरणी त्यांच्या हातातून ओढूनच घेतली.

"अगं! दिलेलं परत घेतेस? पोटात दुखतंय का तुझ्या?"

"काका, माझ्याकडून चूक झालीय. हे खाल्लं तर माणूस दगावू शकतो." तिने मला टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांदेखत आधी वरच्या, मग मधल्या रेघेवर बोट टेकवलं. "व्हिनेगर इथपर्यंत हवं होतं. मी इथेच थांबले."

एकजण हसली, "बघा, म्हटलं नव्हतं? शिलाईच बरी!"

"हसा," धाकटी म्हणाली. "पण हे कोणी खाणार नाही."

काकांनी मला उचलून दोन्ही रेघा नीट पाहिल्या. मग पावावर नुसतंच मीठ भुरभुरलं. "पुढच्या खेपेला आण. पण या जगासकट."

सहाही बरण्या न उघडता दोन पिशव्यांमध्ये बांधून कचऱ्यात टाकल्या. सासऱ्यांनी गाठी स्वतः मारल्या. त्याच रविवारी धाकटीने पुन्हा लाकूड पेटवलं. या वेळी व्हिनेगर ओतताना ती वाकून, रेघ डोळ्यांच्या पातळीवर आणून पाहत होती.

मित्रांनो, आता घासून घासून माझ्या रेघा फिकट झाल्या आहेत. वरची तर उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. मला जपा, असं मी सांगणार नाही. ज्या दिवशी माझी रेघ दिसेनाशी होईल, त्या दिवशी जुन्या ओळखीखातर अंदाजाने भरू नका. नवा जग आणा. त्याची रेघ वजनकाट्यावर तपासा, आणि मला खुशाल पुन्हा दाढीच्या ब्रशाला द्या.