धनेशाची ढोली

बाबांच्या ताटातली भाजी पुन्हा तशीच राहिली आणि मुलाचा संयम सुटला. म्हातारपणी एकटं राहायला नको, म्हणून त्यानं वडिलांना जुन्या गल्लीतून उचलून आपल्या फ्लॅटवर आणलं होतं. स्वतंत्र खोली दिली, खिडकीशी आरामखुर्ची ठेवली. पण जन्मभर सायकली दुरुस्त करणारा, येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा केल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नसे, तो माणूस इथे आल्यापासून मुका झाला होता.

धुसफुसतच मुलगा धाकट्या बहिणीकडे गेला. ती प्राणिसंग्रहालयात डॉक्टर. आपली बदलीची नोकरी, गावं बदलली, शेजार बदलले, आपलं कुठे अडलं का? मग बाबांनाच काय धाड भरलीय, असं बरंच काही तो बोलून गेला.

ती एका धनेशाला पपईची फोड भरवू पाहत होती. रस्त्यासाठी जंगल तोडलं, तेव्हा हा पक्षी जखमी सापडला होता. पंख बरा झाला, पण चोच उघडत नव्हती. शेजारच्या काचपेटीत वाळवंटातला उंदीर मात्र दाणे कुरतडत मजेत होता.

"हा आला त्याच दिवशी बीळ खणून मोकळा झाला," ती म्हणाली. "कोरड्या दाण्यांवर भागतं त्याचं. तू त्याच्या जातीचा आहेस, दादा. माती दिसली की तुझं घर झालं."

"आणि हा पक्षी?"

"याला ढोली खणता येत नाही. जुन्या झाडात आयती असेल, तरच याचा संसार. झाड गेलं की सगळंच गेलं. हा हट्टी नाही रे. बाबाही नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. धनेश गेला होता.

फोन ठेवून तो बाबांच्या खोलीत गेला. "बाबा, गल्लीत परत जायचं का?"

म्हातारा लगबगीनं उठून आपली पिशवी शोधू लागला. मुलानं ती शोधून त्यांच्या हातात दिली.

जुनं घर आता दुसऱ्याचं झालं होतं. त्याच गल्लीत भाड्याची खोली मिळाली. बाबा उंबऱ्यात बसू लागले, बोलू लागले, दोन घास जास्त जेवू लागले. पण शरीर आधीच खचलं होतं. थोड्याच महिन्यांत ते गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मुलगा एकच सांगत राहिला, की आणण्याआधी मी त्यांना विचारलंच नाही.

मित्रहो, आपल्याला कुठेही बीळ खणता येतं, म्हणून ज्यांची ढोली झाडाबरोबरच जाते त्यांना हट्टी ठरवू नका. पक्षी असो की माणूस, त्याचं झाड तोडण्याआधी थांबा. मागाहून केलेल्या पश्चात्तापाला पालवी फुटत नाही.